आकडे नसलेल्या चार डिस्क

भाच्यानं फ्लोरिडाहून आणलेल्या चार डिस्कपैकी एकीवरही आकडे नव्हते. डिस्क गोल्फ म्हणजे प्लास्टिकची चपटी थाळी फेकत फेकत साखळ्यांच्या टोपलीत पोचवायचा खेळ. तो खेळणाऱ्याला याचं अप्रूप वाटतं आणि थोडी धास्तीही वाटते. नावाजलेल्या कंपनीच्या डिस्कवर चार आकडे ठळक छापलेले असतात: स्पीड, ग्लाइड, टर्न आणि फेड. पहिल्यावरून कळतं की ती नीट उडायला हाताला किती जोर हवा. दुसऱ्यावरून ती हवेत किती तरंगणार ते. तिसरा सांगतो की वेगात असताना ती उजवीकडे किती कलेल, आणि चौथा सांगतो की वेग मेल्यावर डावीकडे किती वळेल. हे उजव्या हातानं बॅकहँड फेकणाऱ्याचं झालं. डावखुऱ्यांनी उलटं धरायचं. दुकानात उभ्या उभ्या हे चार आकडे वाचले की डिस्क न फेकताच तिच्याबद्दल मत बनवता येतं, आणि बरेच जण तसंच करतात.

या चार डिस्क बनवणारे जेमतेम दोघंतिघं आहेत. एका स्पर्धेच्या ठिकाणी गाडीच्या डिकीत माल मांडून उभे होते, तिथे भाच्याची गाठ पडली. आकडे का नाहीत असं त्यानं विचारलं, तर म्हणे फेकून बघ. नावाजलेली डिस्क तिकडे साधारण 15 ते 20 डॉलरना मिळते, यांचा भावही तेवढाच. म्हणजे स्वस्त म्हणून घ्याव्यात असंही नाही.

"मामा, मी फेकून बघितल्यात," भाचा म्हणाला. "पण काही सांगत नाही. तू बघ आणि तूच सांग."

मी नाशिकच्या अंबड एमआयडीसीतल्या एका मोल्डिंग युनिटमध्ये क्वालिटीला आहे. गाड्यांचे प्लास्टिकचे पार्ट दिवसभर हाताखालून जातात. त्यामुळे नवी डिस्क हातात आली की ती उडेल कशी हे माझ्या डोक्यात नंतर येतं. आधी मी ती उलटी करून पार्टिंग लाइन बघतो. डायचे, म्हणजे साच्याचे, दोन भाग जिथे मिटतात तिथे प्लास्टिकवर बारीक रेघ उमटते, ती पार्टिंग लाइन. डाय चांगली असेल तर ही रेघ नखाला जेमतेम लागते. चारपैकी हिरवीच्या कडेला मात्र बोटभर लांबीचा फ्लॅश होता, म्हणजे डायच्या फटीतून बाहेर आलेल्या मटेरिअलचा पातळ पापुद्रा. नखानं उचलायला गेलो तर सुटेना. डिस्कचं हे रबरासारखं प्लास्टिक, टीपीयू, चिवटच असतं. मग बारीक वॉटर पेपर भिजवून हलक्या हातानं फिरवला, तेव्हा कड गुळगुळीत झाली. हे नियमात बसतं. पीडीजीए म्हणजे या खेळाची संघटना. तिच्या नियमांत डिस्कचं उडणं बदलेल अशी छेडछाड चालत नाही, पण मोल्डिंगचे दोष घालवण्यापुरतं माफक घासायला परवानगी आहे.

जांभळी पारदर्शक होती. ट्यूबलाइटसमोर धरली तर मध्यापासून थोड्या अंतरावर सुईच्या टोकाएवढे बुडबुडे दिसले. टीपीयू हवेतला ओलावा ओढून घेतं. ड्रायरमध्ये पुरेसं सुकवलं नाही तर मशीनच्या उष्णतेनं त्या ओलाव्याची वाफ होते आणि नगात बुडबुडे किंवा रुपेरी पट्टे राहतात. कुणीतरी घाईत मटेरिअल चढवलं होतं, एवढं त्यावरून कळलं. आमच्याकडे असा नग सरळ ग्राइंडरमध्ये जातो, आणि चुकून पुढे गेलाच तर कस्टमरचा मेल येतो. डिस्क गोल्फमध्ये मात्र असले डागी नग फॅक्टरी सेकंड म्हणून विकायला ठेवतात आणि शौकीन लोक ते हौसेनं घेतात. बुडबुड्यांमुळे जांभळीच्या उडण्यात काही फरक पडल्याचं मला दिसलं नाही. उन्हात धरली की सुरेख दिसते, हे कबूल.

मग वजनं. डिस्कच्या पाठीवर मार्करनं ग्रॅम लिहिलेले असतात. पिवळीवर 173 होतं, कारखान्यातल्या काट्यावर 173.4 भरलं. हिरवी आणि जांभळी यांचंही जवळपास जुळलं. शेंदरीवर 178 लिहिलेलं, काट्यावर 179.1. नियम असा की व्यासाच्या दर सेंटिमीटरला 8.3 ग्रॅमपेक्षा जास्त वजन नको, आणि काहीही झालं तरी 200 ग्रॅमच्या वर नको. 300 मिलिमीटरचा मोठा व्हर्निअर लावून शेंदरीचा व्यास घेतला तर 21.7 सेंटिमीटर. म्हणजे मर्यादा 180.1, शेंदरी थोडक्यात बचावली. सुपरवायझर मागे उभा राहून हे सगळं बघत होता. "हा कुठला पार्ट?" असं त्यानं विचारल्यावर मी डिस्क हातात दिली. त्यानं ती वास घेऊन परत केली. प्लास्टिकवाल्यांची ही सवय जात नाही.

मुलं खेळतात त्या मोठ्या फ्रिसबीशी या डिस्कचं नातं आहे, पण लांबचं. अल्टिमेट या सांघिक खेळाची डिस्क साधारण 27 सेंटिमीटरची आणि 175 ग्रॅमची असते. गोल्फच्या डिस्कचं वजन तेवढंच, पण व्यास 21 च्या आसपास, आणि वजन बरंचसं कडेत साठवलेलं. 1983 साली इनोव्हा या डिस्क कंपनीच्या डेव्ह ड्युनिपेस यांनी कडेला बाहेरून धारदार उतार दिला, तिथून ही जात वेगळी झाली. खेळ त्याच्या आधीचा. एड हेड्रिक यांनी 1975 साली कॅलिफोर्नियात ओक ग्रोव्ह इथे पहिला कायमस्वरूपी कोर्स आखला, साखळ्या लटकवलेली बास्केटही त्यांचीच, आणि पुढच्या वर्षी पीडीजीएही त्यांनीच काढली. 2002 साली ते गेले, तेव्हा त्यांच्याच इच्छेप्रमाणे त्यांची रक्षा प्लास्टिकमध्ये मिसळून डिस्क काढल्या गेल्या. हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा बाकीचे गहिवरले होते. माझ्या डोक्यात मात्र, फिलर, म्हणजे प्लास्टिकात भरीला घालायची भुकटी, किती टक्के घातला असेल?

नाशकात गोल्फ क्लब मैदान आहे, फक्त गोल्फ नाही. कागदोपत्री ते हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान. रणजीचे सामने तिथे होतात, आणि पहाटे निम्मं शहर कडेच्या ट्रॅकवर चालायला येतं. अशा जागी डिस्क फेकणं म्हणजे कुणाच्या तरी आजोबांच्या कानशिलाशी गाठ. म्हणून आम्ही शेजारच्या ईदगाह मैदानावर जायचो, तांबडं फुटताना, क्रिकेटची पोरं स्टंप रोवायच्या आत. थंडीचे दिवस होते. नाशिकची थंडी डिसेंबर-जानेवारीत दहाच्या खाली उतरते आणि बोटं वळत नाहीत. टीपीयूच्या डिस्क अशा थंडीत कडक आणि निसरड्या होतात. जांभळी तर सुरुवातीला हातातून वेळेआधीच सुटायची. खिशातल्या रुमालानं पुसून, काखेत थोडी गरम करून मग फेकावी लागे.

नवी डिस्क एकटीच फेकून काही कळत नाही, कारण हात रोज वेगळा असतो. म्हणून प्रत्येक नवीबरोबर माझी वापरातली, ओळखीची एक डिस्क आलटून पालटून फेकायची, एकाच झाडाच्या रोखानं. पडली तिथे भाचा फक्कीची चिमूट टाकी: नवीला रेघ, जुनीला फुली. फेकून झालं की दोघं मिळून खुणांमधून चालत जायचो.

शेंदरी ही मिडरेंज, म्हणजे मध्यम पल्ल्याची डिस्क. तिच्याबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. सरळ जाते, शेवटी जराशी डावीकडे झुकून बसते. अशी डिस्क प्रत्येक कंपनीकडे असते. हिची कड माझ्या बोटांना जाड लागली, भाच्याला लागली नाही. ती त्याच्याबरोबर परत गेली.

खरी मजा हिरवी आणि जांभळी यांची. दोघी एकाच डायमधल्या, भाच्यानं मुद्दाम विचारून घेतलं होतं. कडेची रुंदी दोघींची 1.8 सेंटिमीटर. आकडे नसले तरी या रुंदीवरून स्पीडचा अंदाज बांधता येतो: पटरची, म्हणजे बास्केटजवळून टाकायच्या डिस्कची, कड सेंटिमीटरच्या आसपास, लांब पल्ल्याच्या ड्रायव्हरची दोनच्या पुढे, आणि नियमानं 2.6 ची हद्द. म्हणजे या दोघी मधल्या, फेअरवे ड्रायव्हर, स्पीड सातच्या घरातल्या. फरक एवढाच की हिरवी वरून सपाट, आणि जांभळी तव्यावरच्या भाकरीगत मधोमध फुगलेली.

हे कसं होतं ते मला चांगलं ठाऊक आहे. डिस्कची कड जाड, मधला भाग पातळ. मधला भाग आधी निवतो, कड मागाहून. कड निवताना आकसते, तेव्हा आधीच घट्ट झालेल्या मधल्या भागाला चहूबाजूंनी आत दाबते, आणि त्याला वर उचललं जाण्याशिवाय वाट राहत नाही. डायमध्ये जास्त वेळ थंड होऊ दिली तर डिस्क सपाट निघते; सायकल टाइम वाचवायला लवकर बाहेर काढली तर डोम, म्हणजे मधला फुगवटा, येतो. मोठ्या कंपन्यांच्या डिस्कमध्येही लॉटगणिक असा फरक पडतो आणि तिकडचे खेळाडू त्यावर तासन्‌तास वाद घालतात. पण एकाच डायचे दोन नग शेजारी ठेवल्यावर एवढा फरक नुसत्या डोळ्यांना दिसावा, हे आमच्या खात्यात तरी खपलं नसतं.

फेकल्यावर फरक आणखी ठळक झाला. हिरवी सुटल्यावर उजवीकडे कलायचं नावच घेत नव्हती. नाकासमोर जायची, आणि पल्ल्याचा शेवटचा तिसरा हिस्सा उरला की एकदम डावीकडे वळून कडेवर आपटायची. जांभळी आधी थोडी उजवीकडे कलायची, तशीच बराच वेळ तरंगायची, मग सावकाश सरळ होऊन डावीकडे उतरायची. हिरवीपेक्षा दहा-बारा मीटर तरी लांब. फक्कीच्या खुणा पाहिल्या तर हिरवीच्या रेघा एकमेकींना चिकटलेल्या, जांभळीच्या लांबवर पण पांगलेल्या.

हे उजवं-डावं का होतं याची गंमत आहे. वरून पाहिलं तर माझ्या हातातून सुटलेली डिस्क घड्याळाच्या काट्यांच्या दिशेनं फिरते. वेग जास्त असताना हवेचा उचल देणारा जोर डिस्कच्या मध्याच्या मागे लागतो आणि तिचं नाक खाली दाबू पाहतो. पण फिरत्या वस्तूला एका बाजूनं ढकललं की ती काटकोनातल्या बाजूला कलते, म्हणून नाक खाली जायच्या ऐवजी डिस्क उजवीकडे कलते. वेग कमी झाला की डिस्क खाली येऊ लागते, हवा तिच्या पोटाला लागते, जोर मध्याच्या पुढे सरकतो, आणि कल डावीकडे. पार्टिंग लाइन किती उंचीवर आहे आणि डोम किती आहे, यावर हा जोर केव्हा कुठे सरकणार ते ठरतं. मिलिमीटरच्या भागात फरक असतो, पण उडण्यात तो दिसून येतो.

भाच्याचं म्हणणं, तिकडे हिरवी इतकी वळत नव्हती. ते पटण्यासारखं आहे. फ्लोरिडा समुद्राला लागून, सपाट. नाशिक समुद्रसपाटीपासून साधारण 600 मीटरवर, इथली हवा पाच-सहा टक्क्यांनी विरळ. विरळ हवेत डिस्क उजवीकडे कमी कलते आणि डावीकडे लवकर वळते. म्हणजे त्या दोघातिघांनी आकडे छापले असते, तरी ते नाशकाचे नसते.

मैदानावर माणसं थांबायचीच. "काय साहेब, थाळीफेक का?" असं माकडटोपीतले एक काका रोज विचारायचे आणि उत्तराची वाट न बघता पुढे जायचे. क्रिकेटच्या पोरांपैकी एकजण, असेल बारा-तेरा वर्षांचा, "काका, एकदा मी?" म्हणून मागेच लागला. त्याला हिरवी दिली. त्यानं मनगटाच्या झटक्यानं फ्रिसबीसारखी फेकली, ती दहा पावलांत डावीकडे वळून धुळीत पडली. पोरगं हिरमुसलं. मग पिवळी दिली. ती पटर, कमी स्पीडची, त्याच झटक्यात सरळ गेली आणि त्याच्या मित्राच्या हातात बसली. स्पीडचा आकडा म्हणजे काय, हे समजवायला याहून जास्त बोलावं लागलं नाही. दुसऱ्या दिवशी तो आमच्या आधी येऊन उभा होता.

भाचा गेला, पिवळी, हिरवी, जांभळी राहिल्या. चैत्रात दुपारनंतर पश्चिमेचा वारा सुटतो, म्हणून मग गंगापूर धरणाच्या मागच्या अंगाच्या माळावर जायला लागलो, सोबत कारखान्यातला एक सहकारी. वारं अंगावर घेऊन फेकलं की डिस्कला वाटतं आपण जास्त वेगात आहोत. जांभळी त्या वाऱ्यात पार उलटली. उजवीकडे कलली ती कलतच राहिली, कडेवर उभी पडली आणि उतारावरून पाण्याकडे घरंगळत निघाली. टीपीयू पाण्यापेक्षा जड, बुडालं की गेलं. एका म्हशीवाल्या बाबांनी काठी आडवी घातली म्हणून ती वाचली. "काय हाय हे?" म्हणून त्यांनी उलटसुलट करून पाहिली, आणि हिचं झाकण कुठंय असं विचारलं. हिरवीनं मात्र तिथे वेगळंच रूप दाखवलं. ईदगाहवर जी सारखी डावीकडे पळायची, तीच समोरच्या वाऱ्यात सरळ रेषेत गेली, आणि शेवटी बेताचं वळण घेऊन बसली. तिला मी मोडीत काढायच्या बेतात होतो. आता वाऱ्याच्या दिवशी पहिली तीच बाहेर निघते.

पिवळीबद्दल सगळ्यात शेवटी लिहितोय, कारण तीच सगळ्यात आवडली. दिसायला अगदी साधी. मळकट पिवळा रंग, झाक नाही, वरचा छाप कडेला पुसट. मटेरिअल स्वस्तातलं, टीपीयू नव्हे. पण हाताला धरते. थंडीत धरते, घामेजल्या हातातही धरते, आणि धूळ बसली तरी पँटला एकदा पुसली की पुन्हा तशीच. खालच्या कडेला मणी, म्हणजे बारीक उंचवटा, नाही, सरळ उतरती कड, त्यामुळे सुटताना बोटाला अडत नाही.

बास्केट माझी घरगुती आहे. जुन्या नाशकातून वजनावर घेतलेली साखळी, सायकलची जुनी रिम, वेल्डरकडून ठोकून घेतलेला पाइप. गच्चीवर मावत नाही म्हणून सोसायटीच्या मागच्या पडीक जागेत उभी करतो. शेजारणींना ती कपडे वाळत घालायची नवी सोय वाटली होती. नियमाप्रमाणे बास्केटपासून 10 मीटरच्या आत फेकलं की तोल सावरेपर्यंत पाऊल पुढे टाकता येत नाही, आणि ते अंगवळणी पडायला वेळ लागतो. माझी जुनी पटर गुळगुळीत टीपीयूची आहे. साखळीला लागली की पुष्कळदा उसळून बाहेर येते. पिवळी मऊ आहे. साखळीत शिरते, जोर तिथेच जिरतो, आणि खाली टोपलीत पडते. सात-आठ मीटरवरून माझे पट, म्हणजे बास्केटमध्ये टाकायच्या फेकी, आधी निम्मे बसायचे. आता आतल्यांचं पारडं स्पष्ट जड आहे. याचं श्रेय सरावाचं किती आणि पिवळीचं किती, हे मला ठरवता येत नाही, पण जुनी पटर आता कपाटात असते.

अडचण वेगळीच आहे. मऊ, स्वस्त प्लास्टिक साखळीवर आपटून आपटून झिजतं. पिवळीची कड आत्ताच खडबडीत व्हायला लागलीये. दुसरी मागवावी म्हटलं, भाच्याला सांगितलं. त्यानं विचारून कळवलं की त्या लॉटचं मटेरिअल संपलं, आता दुसऱ्या ग्रेडमध्ये काढणार आहेत, "डाय तीच आहे, काळजी नको." हे वाचून मला काळजी वाटायला लागली. ग्रेड बदलला की श्रिंकेज, म्हणजे निवताना आकसणं, बदलतं, श्रिंकेज बदललं की डाय तीच राहूनही नग तोच राहत नाही. लहान ब्रँडला घेण्याआधी मी हाच प्रश्न विचारीन: दुसरी पहिलीसारखी निघेल का? ही अडचण सगळ्याच लहानांना असते असंही नाही. ज्यांच्याकडे स्वतःचं मशीन नाही ते मोठ्या कारखान्यातून काढून घेतात. कॅन्ससची डायनॅमिक डिस्क्स आणि फिनलंडची वेस्टसाइड, दोन्हींचा माल बरीच वर्षं स्वीडनच्या लॅटिट्यूड 64 च्या कारखान्यात निघायचा. अंबडमध्ये याला जॉबवर्क म्हणतात आणि त्यात कुणाला कमीपणा वाटत नाही. उलट मशीनवर रोज तोच ऑपरेटर, तोच ड्रायर, तेच सेटिंग असेल तर हजारावा नगही पहिल्यासारखा निघतो. आमचे हे दोघंतिघं सगळं स्वतः करतात. म्हणून पिवळी इतकी झकास निघाली असेल, आणि म्हणूनच पुन्हा तशी निघेल याची खात्री देता येत नाही.

सध्या बॅगेत पिवळी आणि हिरवी कायमच्या. जांभळी वारा पडलेला असेल तेव्हाच, आणि आसपास पाणी नसेल तर. भाच्याला निरोप धाडलाय: जुन्या लॉटची पिवळी कुणाकडे पडून असेल तर दोन उचल, नव्या ग्रेडची एकच घे, आणि घेताना काट्यावर ठेवून वजन बघ. त्याचं लगेच उत्तर आलं, "मामा, त्यांचा काटा स्वयंपाकघरातला आहे. कणीक मोजायचा."